ब्रेन ट्यूमरच्या फॉलोअप एमआरआयला येताना जुन्या सीडी का मागतो आम्ही?

काऊंटरवर रोज एकच प्रश्न येतो, "गाठ परत येणार का हो?" ऑपरेशन मुंबईला नाहीतर पुण्याला झालेलं असतं, रेडिएशन संपलेलं असतं आणि पुढचे एमआरआय घराजवळ पडतात म्हणून लोक आमच्याकडे मिरजेला येतात. प्रश्न विचारलाच पाहिजे, पण फक्त आजच्या स्कॅनवरून त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

आणि नेमकं इथेच अडतं. बहुतेक जण मागच्या रिपोर्टचा कागद आणतात, काहीजण फिल्म खिडकीला धरून काढलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवतात. त्यावरून दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजता येत नाही. आम्हाला सीडीच लागते, आणि तीन स्कॅनची लागते: ऑपरेशनच्या आधीचा, ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आतला, आणि रेडिएशन संपल्यावरचा पहिला. मधला तर हमखास घरी राहतो, आणि खरं तर तोच फार मोलाचा, कारण त्यानंतर जखम भरायला लागली की कडेची जागाही कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) घेते आणि उजळ दिसते, मग उरलेली गाठ कुठली आणि भरणारी जखम कुठली ते ओळखणं अवघड जातं. ग्लायोमा (मेंदूच्या आधार पेशींपासून होणारी गाठ) परत आला तर बहुतेक वेळा जुन्या जागेच्या कडेलाच येतो, म्हणून ती कड आधी कशी होती ते बघावंच लागतं.

आता रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांचं. या काळात स्कॅनवर डाग वाढलेला दिसतो आणि घरचे हादरून जातात, पण तो काही वेळा उपचाराचा परिणाम असतो, गाठ वाढलेलीच नसते, पुढच्या स्कॅनला आपोआप कमी होतो. याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. गाठीतलं एमजीएमटी नावाचं जीन मिथायलेटेड, म्हणजे बंद पडलेलं, असलेल्या पेशंटमध्ये हे जास्त दिसतं, आणि त्याच पेशंटना टेमोझोलोमाइडच्या (केमोच्या) गोळ्यांचा फायदाही जास्त होतो. म्हणून सीडीबरोबर मॉलिक्युलर रिपोर्ट (गाठीच्या जीनच्या तपासण्यांचा) पण मागतो, उगाच कागद वाढवायला नाही.

त्या रिपोर्टमध्ये आयडीएच हे जीन कसं आहे ते आधी बघा. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात ग्लिओब्लास्टोमा (ग्लायोमाचा आक्रमक प्रकार) म्हणजे आयडीएच वाइल्डटाइपच (जीन न बदललेला), तो लवकर उलटतो. आयडीएच म्युटंट (जीन बदललेल्या) गाठी साधारणपणे सावकाश वाढतात, त्यातही वन-पी आणि नाइन्टीन-क्यू हे गुणसूत्रांचे दोन्ही तुकडे गेलेले असतील तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, तो उपचाराला चांगली साथ देतो. पण आयडीएच म्युटंटच्या दुसऱ्या प्रकारात, अ‍ॅस्ट्रोसायटोमात सीडीकेएन-टू-ए/बी या जीनच्या दोन्ही प्रती गेल्या असतील तर मायक्रोस्कोपखाली गाठ साधी दिसली तरी ग्रेड ४ (सगळ्यात वरची) धरतात. म्हणजे स्कॅनवर तोच डाग दिसला तरी मार्करप्रमाणे (या जीनच्या तपासण्यांप्रमाणे) त्याचा अर्थ बदलतो. "परत येणारच" किंवा "येणारच नाही" असं मार्करवरूनसुद्धा कुणी लिहून देऊ शकत नाही, किती सावध राहायचं आणि स्कॅन किती दिवसांनी करायचा ते ठरवायला डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

"तुमच्याकडे वेळ जास्त लागतो" असं काहीजण म्हणतात, ते खरं आहे. आम्ही फॉलोअपला परफ्यूजन (रक्तपुरवठा बघणारा स्कॅन) आणि स्पेक्ट्रोस्कोपी (पेशींमधली रसायनं मोजणारा स्कॅन) करतोच, वेगळा चार्ज लावत नाही. खरी गाठ असेल तर तिथे रक्तपुरवठा सहसा वाढलेला दिसतो आणि कोलीन हे रसायन वर जातं, रेडिएशनने मेलेल्या भागात रक्तपुरवठा कमी असतो. दरवेळी चित्र इतकं स्पष्ट नसतं, म्हणून जुने स्कॅन शेजारी लावूनच रिपोर्ट लिहितो. सीडी नसेल तर रिपोर्ट एक-दोन दिवस थांबवतो, त्यावरून कुणी रागावलं तरी चालेल, पण अंदाजाने "वाढलंय" लिहून कुणाच्या घरची झोप उडवायची नाही आम्हाला.

डेक्साची (डेक्सामेथासोन, सूज कमी करणारं स्टिरॉइड) गोळी चालू असेल तर किती मिलिग्रॅम ते सांगा, तिने सूज आणि डाग दोन्ही कमी दिसू शकतात. स्कॅनसाठी म्हणून स्वतःहून बंद मात्र करू नका. कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधी किडनी बघावी लागते, म्हणून क्रिएटिनिनचा (रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणा.

सीडी हरवली असेल तर जिथे स्कॅन झाला तिथल्या रेडिओलॉजी विभागात पेशंटचा नंबर देऊन दुसरी कॉपी मागा. मार्कर केलेच नसतील तर ऑपरेशनच्या वेळचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) त्या हॉस्पिटलकडे आहे का विचारा, त्यावर आजही टेस्ट होऊ शकते, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि जमलं तर सीडी आदल्या दिवशी पाठवा, आम्ही कॉम्प्युटरवर चढवून ठेवतो, त्याचे पैसे घेत नाही.