जमिनीवरचा कर भाडेकरूच्या गळ्यात पडतो का?

रिकाम्या प्लॉटवर कर वाढवा म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: मालक तो भाडेकरूच्याच गळ्यात मारणार. सिमेंटच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. कर परवडेनासा झाला की कारखाने माल कमी काढतात आणि भाव चढतो. जमिनीचं उत्पादन मात्र कमी करता येत नाही. भाडेकरू जास्तीत जास्त जेवढं देऊ शकतो, तेवढं मालक आजही घेतोच आहे. त्यामुळे कर मालकाच्याच खिशातून जातो. हे अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने 1776 मध्येच ओळखलं होतं. 1879 मध्ये अमेरिकन लेखक हेन्री जॉर्जने तर बाकीचे सगळे कर रद्द करून फक्त जमिनीच्या खंडावर कर घ्या, असं मांडलं. मंदीचं मूळही त्याला जमिनीच्या सट्ट्यातच दिसत होतं.

सट्ट्याचं गणित फार देखणं आहे. समजा, प्लॉटचं निव्वळ भाडं वर्षाला 1 लाख आणि व्याजदर 5 टक्के. भाडं कधीच वाढणार नसेल तर किंमत 1 लाख भागिले 5 टक्के, म्हणजे 20 लाख. भाडं दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढेल असं लोकांना वाटलं, की वाढीचा दर व्याजदरातून वजा होतो: भाजक 5 वजा 3, म्हणजे 2 टक्के. किंमत 50 लाख. मेट्रोची बातमी आली, अपेक्षा 4 टक्क्यांवर गेली, की भाजक 1 टक्का आणि किंमत 1 कोटी. भाडं अजून तेच, 1 लाख! भाजक शून्याच्या जितका जवळ, तितकी किंमत अफवेवर नाचते. आता किमतीवर दरवर्षी 1 टक्का कर लावा. तो भाजकात मिळवायचा. 3 टक्क्यांच्या अपेक्षेला किंमत 33 लाख, 4 टक्क्यांच्या अपेक्षेला 50 लाख. त्याच बातमीने किंमत दुप्पट न होता दीडपट होते. 'जमिनीचे भाव कधी पडत नाहीत' ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. जपानी शहरांत 1991 नंतर ते दशकाहून जास्त काळ उतरत राहिले.

पुढे जॉन बेट्स क्लार्कसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी जमिनीला भांडवलातच धरलं आणि जॉर्ज मागे पडला. सट्टेबाजाबद्दलचं मतही मवाळ झालं: आज गोदाम बांधण्यापेक्षा थांबून उद्या मोठी इमारत बांधणं कधी कधी शहाणपणाचं असतं. हे मला पटतं, पण त्यामुळे कर चुकीचा ठरत नाही. खुल्या बाजाराच्या कट्टर पुरस्कर्त्या अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमननेही जमिनीवरच्या कराला सर्वांत कमी वाईट कर म्हटलं. 1990 मध्ये टोबिन, सोलो, मोदिल्यानी यांच्यासह अनेक अर्थशास्त्रज्ञांनी सोव्हिएत नेते गोर्बाचेव यांना पत्र लिहून सांगितलं, की जमिनीचं भाडं सरकारी महसूल म्हणूनच ठेवा.

खरी अडचण मोजमापाची आहे. इमारत वजा करून नुसत्या जमिनीची किंमत काढायची कशी? अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत (लागवडीचा खर्च वजा जाता जमीन जे जास्तीचं देते, तो खंड) पुणे जिल्ह्यात वापरून झालेला आहे. अर्थशास्त्रज्ञ माल्थसचा विद्यार्थी आणि ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॉबर्ट प्रिंगल याने 1820 च्या दशकाच्या अखेरीस बियाणं, बैल, मजुरी वजा करून जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढलं आणि त्याच्या 55 टक्के सारा ठरवला. अंदाज फुगलेले निघाले, सारा थकला, रयत गावं सोडू लागली. 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्याने मोजणी सुरू केली, तेव्हा निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून जमिनीची प्रत आणि आधीच्या वर्षांची प्रत्यक्ष वसुली पाहून दर बसवले.