महायुद्धात कामी आलेल्या सैनिकाचं नाव यादीत नसेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

इतिहासाची इंटर्नशिप म्हणून महायुद्धात कामी आलेल्या मराठी सैनिकांची चरित्रं लिहायला घेतली की पहिलं काम म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातून कामी आलेल्यांची स्मृती जपणाऱ्या संस्थेच्या, यादीत त्यांची नावं शोधणं. घरच्यांना नाव पाठ असतं, पण यादीत ते सापडत नाही. अशा वेळी कमिशनकडे रीतसर प्रकरण पाठवता येतं.

पण आधी नाव खरंच नाही ना, याची खात्री करा. स्मारकावर नाव नसलं तरी यादीत असू शकतं. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीनिहाय नुसता आकडा दिला. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० जणांचं स्मरण असं असमान झालं, हे कमिशनच्या २०२१च्या अहवालानेच मान्य केलंय. इंग्रजी कारकुनाने कानावर पडेल तसं नाव लिहिलेलं असतं, तेव्हा आडनावाच्या मागे लागू नका. पलटण आणि मृत्यूच्या तारखांचा टप्पा टाकून शोधा, मग 'अधिक माहिती'च्या रकान्यात गाव पाहा. इथे जिल्ह्यांची गंमत होते. समजा नोंदीत 'मालवण, रत्नागिरी' आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१मध्ये झाला, त्यामुळे ती नोंद बरोबरच आहे. 'कुलाबा' दिसला तर तो मुंबईतला नव्हे, आजचा रायगड.

पात्रता मुख्यतः तारखांवर ठरते. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात नोकरीत असताना मृत्यू आला असेल, तर कारण काहीही चालतं: गोळी, कॉलरा, इन्फ्लुएंझा, अपघात. सैन्यातली नोकरी सुटून घरी आल्यावर मृत्यू झाला असेल, तर मात्र तो नोकरीत झालेल्या जखमेमुळे किंवा आजारामुळेच झाला हे दाखवावं लागतं, आणि तोही याच मुदतीत हवा. बहुतेक प्रकरणं इथेच अडतात. १९६२, १९७१ किंवा कारगिलचे जवान या यादीत येत नाहीत. त्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर शोधावीत.

कागदपत्रांनी तीन गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात: माणूस सैन्यात होता, तो अमुक तारखेला वारला, आणि नोकरीनंतर वारला असल्यास कारण काय. सेवापुस्तिका, पेन्शनचे कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर, मृत्यू नोंदीचा उतारा, जे मिळेल ते जमवा. नुसत्या नंबरावर विसंबू नका. पहिल्या महायुद्धात नंबर पलटणीपुरता असे, त्यामुळे १०३व्या आणि ११७व्या मराठाजमध्ये तोच नंबर दोघांचा असू शकतो. नंबर, पलटण, बापाचं नाव आणि गाव, हे चारही जुळले पाहिजेत. एकाच गावात दोन पांडू सावंत निघणं कोकणात काही नवल नाही. घरच्यांनी सांगितलेली हकिकत लिहून घ्या, पण ती पुरावा म्हणून एकटी पाठवू नका.

घरी कागद नसेल तर दिल्लीत जनपथावरचं राष्ट्रीय अभिलेखागार. आधी 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर नोंदणी करून पाहा, बरंच काही तिथे स्कॅन केलेलं आहे. प्रत्यक्ष जायचं तर पब्लिक रेकॉर्ड्स रूल्स १९९७ मधला फॉर्म ८ भरावा लागतो. सोबत ओळखपत्र आणि विद्यापीठाचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र लागतं. इंटर्नने हे पत्र विभागप्रमुखांकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि संशोधनाचा विषय नेमका लिहून घ्यावं. 'सैनिकांचा इतिहास' असं मोघम लिहिण्यापेक्षा '११७वी मराठाज, मेसोपोटेमिया, १९१५-१६' असं लिहिलेलं बरं, फायली मागवायला सोपं जातं. पहिल्या महायुद्धातल्या पलटणींच्या युद्धडायऱ्या लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. त्यांत शिपायांची नावं क्वचित येतात, पण त्या दिवशी पलटण कुठे होती ते कळतं.

प्रकरण कमिशनच्या संकेतस्थळावरून पाठवता येतं. मूळ कागद पाठवू नका, स्पष्ट स्कॅन पुरे. मराठी किंवा मोडी कागदाबरोबर इंग्रजी भाषांतर जोडा. शब्दलेखनाची चूक दाखवायची असेल तर ते प्रकरण वेगळं ठेवा, नव्या नावात मिसळू नका. उत्तराला वेळ लागतो.

तोवर चरित्राचा मसुदा तपासा. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत इथे तुर्कांनी ब्रिटिश-भारतीय फौजेला घातलेला वेढा २९ एप्रिल १९१६ला शरणागतीने संपला आणि त्यानंतर कैदेत असंख्य जण उपासमारीने व रोगाने गेले. अशा माणसाबद्दल 'शत्रूशी लढता लढता वीरमरण आले' हे वाक्य कितीही आवडलं तरी काढून टाका, तारीख आणि ठिकाण लिहा. याउलट नाईक यशवंत घाडगे यांच्यासारख्यांबाबत, १० जुलै १९४४, इटली, व्हिक्टोरिया क्रॉस, राजपत्रातलं मानपत्र समोर असतं, तिथे पराक्रम तपशिलात लिहायला काहीच हरकत नाही. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर आहे, कारण ज्ञात कबर नाही. हेही चरित्रात आलं पाहिजे.