विमान कंपनी अचानक बंद पडली तर काय होतं: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

उन्हाळ्याच्या सुट्यांचं बुकिंग सुरू झालं की आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, परतीच्या तारखेपर्यंत ही कंपनी चालू राहील ना?" प्रश्न रास्त आहे. 2019 मध्ये जेट एअरवेज थांबली, 2023 मध्ये गो फर्स्ट. दोघींचीही विमानं आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची. या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर आम्हीच काय, कोणीही देऊ शकत नाही. पण तशी वेळ आली तर काय होतं आणि तुम्ही काय करायचं, हे आम्ही नक्की सांगू शकतो.

एका रात्रीत बंद कशी पडते?

आपल्याकडच्या बहुतेक विमान कंपन्यांची विमानं भाड्याची असतात. कंपनीची पत घसरली की तेल कंपन्या उधारी बंद करून रोख मागतात, आणि भाडं थकलं की मालक विमानं परत मागतात. त्यामुळे हातातली रोख संपते त्या दिवशी उड्डाणंही संपतात. जेटचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला गेलं. गो फर्स्टने 2 मे 2023 ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून एकही विमान उडालं नाही. सुरुवातीला फक्त तीन दिवसांची उड्डाणं रद्द झाल्याचं कळवलं होतं. मग ती तारीख पुढे पुढे सरकत राहिली आणि 20 जानेवारी 2025 ला कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला. म्हणून 'दोन दिवस थांबून बघू' असं कृपया करू नका. कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आहे हे कळलं, की ते विमान येणार नाही असंच धरून चाला.

तुम्हाला घरी कोण आणणार?

एरवी विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा परतावा देणं, आणि ताटकळत ठेवलं तर चहा-नाश्त्याची सोय करणं, ही नियमाप्रमाणे कंपनीची जबाबदारी असते. कंपनीच बुडाली की हा नियम कागदावर राहतो, कारण काउंटरवर माणूसच नसतो.

ब्रिटनमध्ये यासाठी 'ॲटॉल' नावाची व्यवस्था 1973 पासून आहे. पॅकेज विकणाऱ्या कंपन्या दर प्रवाशामागे थोडी रक्कम एका निधीत भरतात. 23 सप्टेंबर 2019 ला तिथली थॉमस कुक ही पर्यटन कंपनी बुडाली तेव्हा तिथल्या विमान नियामकाने दुसऱ्यांची विमानं भाड्याने घेतली आणि सुमारे दीड लाख लोकांना दोन आठवड्यांत घरी आणलं. (भारतातली थॉमस कुक ही वेगळ्या मालकीची कंपनी आहे, ती चालूच राहिली. हे अजूनही बरेच जण विचारतात म्हणून सांगितलं.) तिथेही सगळं सुरळीत झालं नाही. कंपनी बुडायच्या तोंडावर ट्युनिशियातल्या एका हॉटेलने पर्यटकांना गेटच्या आत अडवलं होतं, कारण कंपनीने हॉटेलचं बिल भरलं नव्हतं.

आपल्याकडे असा निधी नाही. परतीचं तिकीट ज्याचं त्यालाच काढावं लागतं. दुसऱ्या कंपन्या कधीकधी अडकलेल्यांना सवलतीचं तिकीट देतात, पण ती त्यांची मर्जी, तुमचा हक्क नव्हे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका ग्राहकाचं कुटुंब श्रीनगरला असं अडकलं. आजी धरून सहा माणसं. पहाटे साडेपाचला फोन आला, "भाऊ, मेसेज आला का विमान नाही म्हणून. इथं फोन कोणीच उचलून नाही राहिलं." आम्ही लगेच दुसऱ्या कंपनीची तिकिटं पाहिली. सहा जागा होत्या. नऊ वाजता मुलाने घरी विचारून परत फोन केला तेव्हा दोन उरल्या होत्या आणि भाव जवळजवळ तिप्पट झाला होता. आजींचं इन्सुलिन हॉटेलच्या फ्रीजमध्ये होतं, आणि हॉटेल सोडायची वेळ अकराची. शेवटी टॅक्सीने जम्मू, तिथून रेल्वेने दिल्ली, आणि दिल्लीहून नागपूर असा प्रवास करून ते चौथ्या दिवशी सकाळी आपल्या स्टेशनवर उतरले. आजींचं औषध बर्फाच्या थर्मासात घालून आणलं होतं. त्या साडेतीन तासांची हळहळ आम्हाला आजही आहे. आम्ही साडेपाचलाच "आधी तिकिटं काढा, पैशांचं नंतर बघू" असं ठामपणे म्हणायला हवं होतं. आता आम्ही तेच म्हणतो.

परदेशात असाल तर तिकिटाच्या जोडीला व्हिसाची तारीख बघा. ती उलटली की दंड दिवसागणिक चढतो, आणि 'विमान कंपनी बुडाली' हे कारण पुरेलच असं नाही. हॉटेलवाल्याला खोली एक रात्र वाढवायला लगेच सांगा. औषधं, पासपोर्ट, चार्जर हातातल्या बॅगेतच ठेवा.

पैसे परत मिळतात का?

इथे आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. कंपनीचा दिवाळखोरीचा अर्ज मंजूर झाला की तिच्याविरुद्धचे वसुलीचे दावे थांबवले जातात. ग्राहक आयोगात तक्रार केली तरी ती तिथेच अडते. कंपनीचा कारभार पाहायला नेमलेला अधिकारी जाहीर नोटीस काढतो आणि ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकले आहेत त्यांच्याकडून दावे मागवतो. तुमच्या तिकिटाचा दावा तिथे ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या फॉर्मवर द्यायचा असतो. कंपनी मोडीत निघाली तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण घेतलेल्या बँका, मग इतर कर्मचाऱ्यांचे पगार, अशी रांग लागते. तिकीटवाले प्रवासी त्या रांगेत बरेच मागे असतात. तरीही दावा करा, कारण न केलेल्या दाव्याला काहीच मिळत नाही.

त्याहून लवकर पैसे मिळायचा मार्ग म्हणजे तुमचं कार्ड. विमान कंपनीच्या साइटवर क्रेडिट किंवा डेबिट कार्डने थेट पैसे भरले असतील, तर 'सेवा मिळाली नाही' म्हणून तुमच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत, मागता येतो. त्याला मुदत असते, म्हणून त्याच आठवड्यात अर्ज द्या. तिकीट, रद्द झाल्याचा मेसेज आणि कार्डाचं स्टेटमेंट सोबत जोडा. आमच्याकडे रोख किंवा यूपीआयने पैसे दिले असतील आणि आम्ही कंपनीकडे आधीच भरून ठेवलेल्या रकमेतून तिकीट काढलं असेल, तर हा मार्ग तुम्हाला खुला नसतो. म्हणून महागडं तिकीट असेल तर आम्ही स्वतःच सांगतो की कार्ड वापरा, थेट कंपनीकडे भरा. त्यात आमचं कमिशन गेलं तरी चालेल.

प्रवास विमा घेताना पॉलिसीत 'विमान कंपनीची दिवाळखोरी' हे शब्द आहेत का ते शोधा. बऱ्याच साध्या पॉलिसींत ते नसतात. आणि कंपनी बुडाल्यावर घेतलेला विमा त्या नुकसानीला लागू होत नाही.

अशा बातम्यांच्या दिवसांत 'तुमचा रिफंड मंजूर झाला' असे फोन येतात. गुगलवर खोटे हेल्पलाइन नंबरही फिरतात. ओटीपी देऊ नका, कोणी सांगितलं म्हणून फोनमध्ये ॲप टाकू नका. फसलात तर लगेच 1930 ला फोन करा. इतर ग्राहक तक्रारींसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 1915 आहे.

आमच्याकडून काय मिळेल

पूर्ण पॅकेज आमच्याकडून घेतलं असेल तर तुम्हाला परत आणणं हे आमचं काम आहे. परतीचं नवीन तिकीट आधी आम्ही काढू, हिशेब नागपुरात बसून करू. फक्त तिकीट आमच्याकडून काढलं असेल तर परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची राहते. पण दावा भरणं, बँकेचा अर्ज लिहून देणं, दुसरं विमान किंवा रेल्वे शोधणं यासाठी आम्ही कसलीही फी घेत नाही.

बुकिंगच्या वेळी आम्ही एक गोष्ट मुद्दाम विचारतो. नागपूर-मुंबई एका तिकिटावर आणि मुंबईहून पुढचं वेगळ्या तिकिटावर, असं स्वस्त पडतं खरं. पण पुढची कंपनी बंद पडली तर पहिली तिकीट बदलून देत नाही, आणि पहिली बंद पडली तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर मुंबईत एक रात्र मोकळी ठेवा.

निघण्यापूर्वी तिकिटाची आणि विम्याची छापील प्रत घरी एका माणसाकडे ठेवा, आणि त्याचा नंबर आमच्या रजिस्टरमध्ये लिहून द्या. रात्री-बेरात्री तुमचा फोन लागला नाही तर आम्ही त्यालाच उठवू.