आघात, खेळ आणि मुलाच्या हातातली सूत्रं

“लहान आहे, विसरून जाईल.” अपघात असो, जवळच्या माणसाचा मृत्यू असो की घरातली मारहाण, मोठ्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. ते चुकीचं आहे आणि त्यापायी अनेक मुलांना वेळेवर मदत मिळत नाही.

१९७६ साली कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावात बसमधल्या २६ मुलांचं चालकासह अपहरण झालं. त्यांना जमिनीखाली पुरलेल्या एका मोठ्या ट्रकमध्ये कोंडलं गेलं. तासन्‌तास धडपडून सगळे स्वतःच बाहेर आले, सुखरूप. बालमानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी पुढे चार-पाच वर्षांनीही या मुलांना गाठलं, तेव्हा आघाताच्या खुणा तशाच होत्या. आघात झालेल्या मुलांच्या खेळाबद्दल टेर यांनी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली. तोच खेळ, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा. त्यात ना मजा, ना सुटका. म्हणजे मूल खेळतंय एवढ्यावरून ते बरं होतंय, असं धरून चालता येत नाही.

मग प्ले थेरपीत, म्हणजे खेळातून केल्या जाणाऱ्या मानसोपचारात, वेगळं काय घडतं? माझ्या मते याचं सर्वांत सुंदर उत्तर उंदरांच्या मेंदूत सापडतं.

मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन मायर यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या जोड्यांना शेपटीला विजेचे झटके देत. एका उंदरापुढे छोटं चाक असे. ते फिरवलं की झटका थांबे, दोघांचाही. दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हतं. झटके दोघांना अगदी सारखे बसले, तरी नंतर गलितगात्र झाला तो दुसरा. कारण मेंदूच्या खोडात ‘डॉर्सल राफे’ नावाचा पेशींचा पुंजका असतो. टाळता न येणाऱ्या त्रासात तो सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा मारा करतो आणि प्राणी भेदरून निपचित होतो. मेंदूच्या कपाळामागच्या भागात आतल्या बाजूला असलेला एक भाग मात्र “हे माझ्या हातात आहे” एवढं ओळखतो आणि या पुंजक्याला आवर घालतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तेव्हा चाक फिरवणारा उंदीरही दुसऱ्यासारखाच हतबल झाला. आणखी एक गंमत अशी, की एकदा ताबा अनुभवलेला उंदीर पुढच्या, टाळता न येणाऱ्या त्रासातही कमी कोलमडतो.

उंदरावरून थेट मुलावर उडी मारता येत नाही, हे खरं. पण थेरपीची खोली पाहिली की हे चाक आठवल्याशिवाय राहत नाही. समजा, अपघातातून वाचलेली पाच वर्षांची मुलगी दोन गाड्या एकमेकींवर आपटतेय. थेरपिस्ट शेजारी जमिनीवर बसलेली. “का आपटतेस?” असं ती विचारत नाही. “गाडी पुन्हा धडकली. जोरात,” एवढंच म्हणते. काय खेळायचं, कधी थांबायचं, कोण जगणार, हे मुलगी ठरवते. प्ले थेरपीच्या प्रवर्तक व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ साली मांडलेलं सूत्र हेच: मूल पुढे, थेरपिस्ट मागे. काही आठवड्यांनी कधीतरी त्या खेळात रुग्णवाहिका येते, बाहुलीला पट्टी बांधली जाते. भीतीची जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्याशेजारी “मी काहीतरी करू शकते” ही दुसरी आठवण तयार होते.

इथे एका खुळाबद्दल बोललंच पाहिजे. काळा रंग वापरला म्हणजे अत्याचार झाला, बाहुलीचा हात मोडला म्हणजे घरात मारहाण होते, असे निष्कर्ष समाजमाध्यमांवर सर्रास फिरतात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. उलट मोठ्यांनी सुचवत राहिलं, तर लहान मूल न घडलेलंही ‘आठवू’ लागतं.

पुरावा बरा आहे, भक्कम नाही. २००५ साली प्ले थेरपीचे ९३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा परिणाम चांगलाच मोठा दिसला. पालकांना सामील करून घेतलं तिथे आणखी मोठा. मात्र त्यातले बरेच अभ्यास छोटे होते. आघातासाठी सर्वांत भक्कम पुरावा आजही आघातकेंद्री संज्ञानात्मक-वर्तन उपचाराच्या (आघाताबद्दलचे विचार आणि वागणं बदलायला मदत करणाऱ्या पद्धतीच्या) बाजूने आहे, आणि लहान मुलांसाठी त्यातही खेळ वापरला जातोच.

आणि मारहाण अजून चालूच असेल, तर आधी ती थांबवावी लागते. अशा घरात मुलाची भीती हा आजार नसतो. मेंदू आपलं काम चोख करत असतो.