नवा डॉब्सनफ्लाय ‘नवा’ कसा ठरतो?

२०१४ च्या जुलैमध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातल्या एका डॉब्सनफ्लायचे, म्हणजे ओढ्याकाठच्या मोठ्या पंखवाल्या किड्याचे, फोटो जगभर फिरले. पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत २१ सेंटिमीटरांहून जास्त, पुढे विळ्यासारखे दोन जबडे. पाण्याशी जोडलेल्या कीटकांमधला हा सर्वांत मोठा, असं चेंगडूच्या कीटक संग्रहालयाने जाहीर केलं. बातमी वाचताना सहज वाटावं की हा प्राणी विज्ञानाला पहिल्यांदाच भेटला. पण अकँथाकोरीडॅलिस फ्रूस्टॉर्फरी ही प्रजाती १९०७ पासून नोंदलेली आहे.

डॉब्सनफ्लायच्या बाबतीत असा गैरसमज सहज होतो. डोळ्यांत भरणारे किडे लोकांनी फार पूर्वीच टिपले, त्यांना नावंही दिली. आता जी नवी प्रजाती जाहीर होते ती अनेकदा शेजारच्या ओळखीच्या प्रजातीसारखीच दिसते, आणि तिचं वेगळेपण कळायला किड्याच्या अंगावर नेमकं कुठे बघायचं हे माहीत असावं लागतं. ते कळायला अडीचशे वर्षं गेली.

सुरुवात स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसपासून. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब १७५८ पासून धरला जातो, आणि त्याच वर्षी त्याने उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या जबड्यांच्या किड्याला ‘हेमेरोबियस कॉर्न्युटस’ म्हटलं. कॉर्न्युटस म्हणजे शिंगं असलेला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वर्णन लॅटिनमध्ये, मोजक्या ओळींचं. हेमेरोबियस हा गट मात्र जाळीदार पंखांच्या नाजूक किड्यांचा, त्यात हा दांडगा पाहुणा शोभत नव्हता. पुढे फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय याने १७९६ मध्ये मेगॅलोप्टेरा हा गट मांडला, ज्यात डॉब्सनफ्लाय येतात, आणि १८०२ मध्ये कोरीडॅलस हा जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, केला. लिनियसचा किडा आज कोरीडॅलस कॉर्न्युटस म्हणून ओळखला जातो.

या प्रजातीच्या नराचे जबडे ४ सेंटिमीटरांपर्यंत वाढतात. दिसायला भीतीदायक, पण त्यांत चावायची ताकद जवळपास नाही. खरा चावा मादीच्या आखूड जबड्यांचा. नर आपले जबडे वापरतात एकमेकांशी झुंजायला. साहजिकच सुरुवातीच्या अभ्यासकांची नजरही तिथेच खिळली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या जेम्स वुड-मेसनने १८८४ मध्ये आशियातल्या एका लांब जबड्यांच्या किड्याचं वर्णन केलं आणि त्याला अमेरिकेतल्या किड्यांच्याच, म्हणजे कोरीडॅलसच्या घरात बसवलं. डच अभ्यासक व्हान डर वेले याने १९०७ मध्ये आशियाई किड्यांसाठी अकँथाकोरीडॅलिस हा वेगळा जीनस केला. १९१० मध्ये त्याने सेलिस लाँगशाँ या बेल्जियन सरदाराच्या संग्रहाच्या निमित्ताने जगभरच्या मेगॅलोप्टेरांचा जाडजूड आढावाही काढला. या किड्यांच्या वर्गीकरणाचा जुना पाया बराचसा त्याच ग्रंथात आहे, दोषांसकट.

जबडे हे ओळखीचं साधन म्हणून का फसवतात? एक तर इतके लांब जबडे फक्त नराकडे, तेही सगळ्या प्रजातींत नाहीत. शिवाय अळी असताना पोट किती भरलं त्यावर किड्याचा आकार ठरतो, आणि जबड्यांची लांबी त्या आकाराबरोबर बदलते. एकाच ओढ्यातले दोन नर शेजारी ठेवले तर ते वेगवेगळ्या प्रजातींचे वाटू शकतात. रंगावरही फार भिस्त ठेवता येत नाही, कारण अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा पिवळेपणा उतरत जातो.

म्हणून अभ्यासकांनी किडा उलटा धरला. आता डॉब्सनफ्लायची प्रजाती ठरते ती मुख्यतः नराच्या पोटाच्या शेवटच्या टोकावरून. तो भाग कापून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. मांस विरघळतं, कडक आवरण तेवढं उरतं. मग ग्लिसरिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली ते सगळ्या बाजूंनी बघतात आणि चित्र काढतात. दोन पकडी, त्यांच्यामधले पत्रे, त्यांची खाच किती खोल, टोक बोथट की आकड्यासारखं. सगळा निकाल यावर. काम झालं की तो तुकडा बारीकशा कुपीत घालून मूळ नमुन्याच्याच टाचणीला लावतात. आतीलानो काँत्रेरास-रामोस या मेक्सिकन अभ्यासकाने १९९८ मध्ये अख्खा कोरीडॅलस जीनस अशा तपासणीतून नव्याने मांडला. आशियातल्या प्रोटोहर्मिस या सर्वांत मोठ्या जीनसवर लिउ शिंगयुए, यांग दिंग आणि फुमिओ हायाशी यांनी असंच काम केलं. नव्या प्रजातींची मोठी भर इथूनच पडली.

जबडे मागे पडले म्हणून बिनकामाचे ठरले नाहीत. काही प्रजातींचा नर समागमाच्या वेळी शुक्राणूंच्या पिशवीसोबत जेलीसारखा गोळा देतो आणि मादी तो खाते. लिउ, हायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की जिथे नराची हत्यारं मोठी तिथे भेट लहान, आणि जिथे हत्यारं नाहीशी झाली तिथे भेट मोठी. जबडा नात्यागोत्यापेक्षा लग्नव्यवहाराबद्दल जास्त सांगतो म्हणायचा!

कागदोपत्री नियमही घट्ट झाले. २००० पासून नवं नाव देताना ते कोणत्या नमुन्याला बांधलेलं आहे हे स्पष्ट करावं लागतं. त्या एका नमुन्याला होलोटाइप म्हणतात. २०१२ पासून फक्त ऑनलाइन छापलेलं नावही चालतं, पण त्या प्रकाशनाची झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद हवी.

या सगळ्यात एक मोठी उणीव राहून गेली आहे, ती अळीची. प्रौढ डॉब्सनफ्लाय जेमतेम आठवडाभर जगतो. अळी मात्र वाहत्या पाण्यातल्या दगडांखाली दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काढते. पोटाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ मऊ काड्या, पहिल्या सात जोड्यांच्या बुडाशी कल्ल्यांचे झुपके, आणि मागे दोन बुटके पाय. प्रत्येक पायावर दोन आकडे असतात, त्यांनी ती धारेतही दगड सोडत नाही. अमेरिकेतले मासे पकडणारे तिला ‘हेलग्रामाइट’ म्हणतात आणि गळाला लावतात. प्राणवायूने भरलेलं स्वच्छ पाणी लागत असल्याने ओढ्याची तब्येत तपासतानाही तिच्याकडे बघितलं जातं. पण अभ्यासक रात्री पांढऱ्या चादरीवर दिवा टाकून पकडतात ते प्रौढ, आणि नाव मिळतं तेही प्रौढाला. २००८ च्या एका जागतिक आढाव्यात डॉब्सनफ्लायच्या १३१ प्रजाती मोजल्या होत्या, त्यानंतरही भर पडतेच आहे. त्यांतल्या कितीतरींची अळी कोणती हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. अळी पाळून तिचा प्रौढ होईपर्यंत थांबायचं तर वर्षं जातात. आता डीएनएचा तुकडा जुळवून हे काम लवकर होतं, फक्त त्यासाठी नीट ओळखलेल्या प्रौढाचा डीएनए आधी नोंदलेला असावा लागतो. तो नसेल तर अळी कुपीवरच्या नुसत्या क्रमांकाने ओळखली जाते.