क्रँककेस वायुवीजन (जुन्या मोटारींतील)

ज्वलनकक्षातील वायूंचा काही अंश पिस्टन रिंगांच्या फटींतून निसटून खाली क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्ट सामावणाऱ्या इंजिनाच्या खालच्या पेटीत) उतरतो. त्याला ब्लोबाय म्हणतात. गॅरेजांत ‘बॅक कॉम्प्रेशन’ हाच शब्द चालतो. तापल्यावर रिंग लांबते म्हणून तिच्या टोकांमध्ये फट ठेवावीच लागते. त्यामुळे ब्लोबाय मुळीच नसलेले इंजिन संभवत नाही, प्रश्न फक्त प्रमाणाचा असतो. हे वायू बाहेर काढून त्यांच्या जागी ताजी हवा आणण्याची सोय म्हणजे क्रँककेस वायुवीजन.

ब्लोबायमध्ये न जळलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण मोठ्या प्रमाणात असते, शिवाय जळके वायू व वाफ. १ लिटर पेट्रोल जळाले की साधारण तितकेच पाणी तयार होते. त्यातले थोडे जरी थंड चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात) उतरले तरी तेलात मिसळून पांढरट लोण्यासारखा थर धरते. तो आधी ऑइल फिलरच्या झाकणाखाली दिसतो. पेट्रोलामुळे तेल पातळ होते, आम्लांमुळे बेअरिंगे खराब होतात, आणि दाब साचला की तेल सीलमधून वाट काढते. अ‍ॅम्बॅसडरच्या १४८९ घन सेंमी. पेट्रोल इंजिनात (मूळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन म्हणजे बीएमसीची बी-मालिका) क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आजच्यासारखे रबरी सील नव्हते. तेल परत आत ओढणारे आटे होते. क्रँककेसमधला दाब वाढला की हे आटे अपुरे पडतात, तेल क्लचवर येते, आणि दोष नाहक क्लच प्लेटवर जातो.

वायुवीजनाच्या उगमाबद्दल एकमत नाही. फोर्ड मॉडेल टीसारख्या आरंभीच्या गाड्यांत तेल भरण्याचे तोंड हेच श्वासमुख होते. त्याला वायुवीजन म्हणावे की नुसते भोक, हा मतभेदाचा विषय आहे. ताजी हवा एका बाजूने आत घेऊन दुसरीकडून काढण्याची हेतुपुरस्सर रचना साधारणतः १९२० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी गाड्यांत दिसू लागली. त्या काळच्या जड पेट्रोलने तेल पातळ होण्याची तक्रार वाढली होती, हे त्यामागचे कारण मानतात. काही लेखक सक्तीच्या वायुवीजनाचा, म्हणजे पीसीव्हीचा (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन: ब्लोबाय बाहेर न सोडता झडपेतून पुन्हा इंजिनात ओढून जाळणे), जन्म दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्यांमध्ये शोधतात: खोल पाण्यातून जाताना उघड्या नळीतून पाणी इंजिनात शिरू नये म्हणून झडप बसवावी लागली. तिसरे मत कॅलिफोर्नियातील धुरक्याला श्रेय देते. १९५० च्या दशकाच्या आरंभी रसायनशास्त्रज्ञ आरी यान हाखेन-स्मिट यांनी धुरक्याचा संबंध हायड्रोकार्बनांशी जोडला, आणि पुढे तेथे विकल्या जाणाऱ्या १९६१ च्या मॉडेलांवर पीसीव्ही आली. युद्धातील झडप आणि १९६१ ची कॅलिफोर्नियातील झडप या दोन वेगळ्या गरजांची उत्तरे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. धुरक्याने शोध लावला नाही, प्रसार केला.

त्याआधीची प्रचलित रचना म्हणजे ड्राफ्ट नळी. बी-मालिकेत ती टॅपेटच्या बाजूच्या झाकणापासून गाडीच्या पोटाखाली उतरते. तिचे टोक तिरके कापलेले असून तोंड मागे असते. खालून जाणाऱ्या हवेने तिथे किंचित शोषण निर्माण होते. हे शोषण साधारण ताशी ४० किमी.च्या पुढे कामाचे ठरते. उभ्या गाडीत ते नसतेच.

गोव्यात ही उणीव ठळक होते. मांडवीवरचा पूल १९७० मध्ये झाला, जुवारीवरचा १९८० च्या दशकात. तोवर पणजी-बेती आणि आगशी-कुठ्ठाळी या मार्गांवर फेरीबोटीची वाट पाहावी लागे, आणि रांगेत इंजिन चालू ठेवले तर नळी निकामी. त्यात अंतरे लहान, म्हणजे तेल पुरते तापून पाणी उडण्याआधीच प्रवास संपतो. पावसाळ्याच्या दमट हवेत झाकणाखालचा थर इथे नेहमीचा. तो दिसताच हेड गॅस्केट जाऊन रेडिएटरचे पाणी तेलात आले असे समजून इंजिन खोलायला घेणारे मेस्त्री कमी नाहीत. रेडिएटरचे पाणी उतरत नसेल तर तसे करण्याचे कारण नाही.

पीसीव्ही झडपेत स्प्रिंगवर तोललेला लहान दांडा असतो. इंजिन हळू फिरत असताना मॅनिफोल्डचे (सिलिंडरांत मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचे) शोषण जोरदार असल्याने तो मार्ग अरुंद करतो, थ्रॉटल उघडल्यावर मोकळा करतो आणि कार्ब्युरेटरमध्ये उलटा भडका झाल्यास बंद करतो. डिझेल इंजिनाला थ्रॉटल नसल्याने ही रचना तशीच लागू पडत नाही.

परीक्षा सोपी आहे: गरम इंजिन हळू फिरत असताना ऑइल फिलरचे झाकण काढून तोंडावर कागद धरावा. नरम, एकसारखी फुंकर क्षम्य. कागद उडून निळसर धूर भसाभसा आला वा डिपस्टिक वर सरकली, तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेला. मात्र त्याआधी झाकणातील जाळी केरोसीनने धुवावी. ती तुंबली की चांगले इंजिनही तेल ओकते. जीर्णोद्धारात ड्राफ्ट नळी गंजली म्हणून सरळ कापलेला रबरी पाइप लावतात. तिरके तोंड गेल्याने शोषणही जाते. मूळपणा जपणारे पीसीव्ही बसवायला नाखूश असतात. रोज चालवायच्या गाडीला मात्र ती बसवावी, आणि झडपेतून येणाऱ्या जादा हवेने मिश्रण विरळ होते म्हणून कार्ब्युरेटर पुन्हा लावून घ्यावा.