उत्प्रेरकाचे कोडे: निरीक्षणापासून कारणापर्यंत

उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः मात्र शेवटी जसाच्या तसा उरतो, हे आज शाळेतच शिकवले जाते. पण त्याचे कारण उमगायला रसायनशास्त्राला बराच काळ लागला. १८११ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्ग येथे किर्शहॉफ यांनी स्टार्च विरल सल्फ्युरिक आम्लात उकळून त्यापासून साखर मिळवली, तेव्हा आम्ल अजिबात खर्ची पडले नव्हते. १८२३ मध्ये येना येथे डोबरायनर यांनी स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला. हवेत मिसळलेला तो वायू धातूला भिडताच प्लॅटिनम लालबुंद होऊन तापे आणि कोणत्याही ठिणगीविना हायड्रोजन पेट घेई.

अशी विखुरलेली निरीक्षणे बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये एकत्र गुंफली, परंतु त्यांच्या मुळाशी त्यांनी एक निराळी ‘उत्प्रेरक शक्ती’ मानली. त्याच्या आदल्याच वर्षी फॅरेडे यांनी दाखवले होते की प्लॅटिनमचा पत्रा अगदी स्वच्छ असेल तरच हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग घडवतो, म्हणजे सारा खेळ पृष्ठभागावर चालतो. माझ्या मते हे निरीक्षण अधिक मोलाचे होते.

पुढची वाट वेगाच्या मोजमापातून निघाली. आऱ्हेनियस यांच्या १८८९ च्या मांडणीनुसार, पुरेशी ऊर्जा असलेले रेणूच अभिक्रियेत भाग घेऊ शकतात. ऊर्जेचा हा उंबरठा म्हणजे सक्रियण ऊर्जा. उत्प्रेरक अभिक्रियेला कमी उंबरठ्याचा वेगळा मार्ग मिळवून देतो, आणि सामान्य तापमानाला हा उंबरठा प्रतिमोल जेमतेम ५.७ किलोजूलने उतरला, तरी वेग सुमारे दहापट होतो. मात्र उलट दिशेची अभिक्रियाही तेवढ्याच पटीने वेगवान होत असल्यामुळे समतोल (दोन्ही दिशांच्या अभिक्रियांचे वेग सारखे होतात ती स्थिती) जागचा हलत नाही, हे ओस्टवाल्ड यांनी ठामपणे मांडले; त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही मर्यादा अमोनियाच्या निर्मितीत प्रकर्षाने जाणवली. तापमान वाढवल्यास समतोलातील अमोनियाचे प्रमाण घटते आणि कमी ठेवल्यास अभिक्रिया रखडते. म्हणून हाबर यांना प्रचंड दाब आणि उत्प्रेरक या दोहोंचा आधार घ्यावा लागला. त्यांनी वापरलेला ऑस्मियम दुर्मीळ होता, तेव्हा मिटाश यांनी हजारो चाचण्या करून अल्प प्रमाणात अन्य ऑक्साइड मिसळलेले लोह निवडले आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. लोहाच्या पृष्ठभागावर नेमके काय घडते, हे पुढे एर्टल यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले: नायट्रोजनचा रेणू तेथे चिकटून त्याचे दोन अणू सुटे होतात, आणि हाच या अभिक्रियेतील सर्वांत मंद टप्पा असतो.